मामाचं चूर्ण आन माह्या पेढ्याचा डाव

मंगळवारी मोताळ्याले मामाच्या घरी पेढे घेऊन गेलो होतो. आयटीआय निघालं ना एकदाचं... तिसऱ्या अटेम्प्टले. पण खरं सांगतो, पेढे आनंदाचे कमी आन डावाचे जास्त होते.

मामाची पोरगी शीतलताई बुलढाण्याले फार्मसी शिकते. गुडमार नावाच्या वेलीच्या पाल्याचा अर्क काढते आन शुगर वाढवलेल्या उंदरायले पाजून पाहते, उतरते का म्हणून. मागच्या रविवारी तिनं मले एक पान चघळाले लावलं आन वरून साखर देली. रेती खाल्ल्यासारखी लागली भाऊ... दातात कचकच, गोड काहीच नाही.

अर्धा-एक तास जिभीले गोड समजतच नाही म्हणे. मी लगेच चार सुकी पानं मागून खिशात घातली. अशी वस्तू माह्या हाती लागल्यावर गप बसनं होते का?

आता मामा. एसटीचे रिटायर ड्रायव्हर, शुगरवाले. दीड महिन्यापासून बाजारातल्या एका माणसाचं 'असली गुडमार चूर्ण' चघळून राह्यले होते आन डॉक्टरच्या गोळ्या बंद. ताईले सांगाचं नाही, अशी मामीले तंबी. इकडे पायाच्या अंगठ्याची जखम भरतच नव्हती... दारातच मामीनं मले हे हळूच सांगतलं.

माह्या डोक्यात तरी डावच, आता तर खिशातल्या पानाचीबी गरज नव्हती. मामा चूर्ण चघळतीन, मी पेढा देईन, त्यायले तो मातीसारखा लागन, ते हलवायाले शिव्या देतीन आन मी शूटिंग करीन.

मामानं चूर्ण चघळलं. मी नखाएवढा पेढा देला, मोबाईल सुरू केला...

"लय मस्त आहे बे. अजून दे."

माहं हसूच गेलं. पेढा गोड लागला म्हणजे चूर्णाच्या डब्यात गुडमार नाहीच ना!

मी सांगाले लागलो, तर कोन ऐकते? मागच्या साली म्यांच मामाले खोटंच सांगतलं होतं का रिटायर ड्रायव्हर लोकायले परत घेऊन राह्यले. बिचारे इस्त्रीचा ड्रेस घालून डेपोत जाऊन उभे राह्यले होते. आता जिंदगीत पहिल्यांदा खरं बोलत होतो, तर मामा म्हणे नौटंकी बंद कर.

मंग खिशातून पान काढलं. अर्धं मी चघळलं, अर्धं त्यायले देलं. थोड्या वेळानं मामीनं दोघायच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली.

मामाचं तोंड चालता चालता थांबलं. माह्याकडे पाह्यलं, मंग चूर्णाच्या डब्याकडे. "दीड महिना मी खाऊन काय राह्यलो मंग?"

मामीनं तंबी-बिंबी काही न पाहता ताईले फोन लावला आन सगळं सांगून टाकलं. मामा मधातच म्हणे, मंग असली पाला पाठवून दे, झालं.

ताई म्हणे, "बाबा, असली अर्कबी आमी अजून उंदरायलेच देऊन राह्यलो. तुमी उंदीर आहे काय? सकाळी दवाखान्यात जा, गोळ्या सुरू करा."

मामी एवढी हसली का पदर तोंडाले लावून आत गेली. मामाबी हसले... जरा उशिरानं.

बुधवारी मीच त्यायले गाडीवर दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं जखम साफ केली, गोळ्या परत सुरू केल्या. वेळेवर आले म्हणे, अजून पंधरा दिवस गेले असते तर बोट जात होतं.

बाहेर आल्यावर मामा माह्या खांद्यावर हात ठेवून चालले. मी काही चावटपणा केला नाही.

आजपर्यंत लय डाव टाकले, लोकं फसले का खुश व्हायचो. हा पार फसला... आन याच्याएवढी खुशी एकाबी डावानं देली नाही. थँक्यू ताई.