मैनाच्या ठेवीची अट

विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती विभागासमोर बाकावर बसून मथुराबाईंना पाऊण तास झाला होता आणि तेवढ्यात त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे शंभरदा तरी पाहिलं असेल. घड्याळ त्यांना धड कळायचं नाही. म्हणून दर वेळी शेजारच्या शकूला विचारायच्या, "किती वाजलं गं?" शकू सांगायची आणि मथुराबाई बाकाच्या आणखी कडेला सरकायच्या.

पाचला खिडकी बंद होणार होती. त्याआधी शकूचं नाव यादीत चढलं नाही, तर वसतिगृहातली तिची खोली दुसऱ्या मुलीला जाणार. खोली गेली की एम.एस्सी. गेली. शकूचा बाप भैरू पूर्वी मथुराबाईंच्या शेतावर कामाला होता, त्याने स्वच्छच सांगितलं होतं, "पैसं मिळालं तर शिक. न्हाई तर हडपसरचं स्थळ हाय, दिवाळी झाली की उरकून टाकू."

हे 'उरकून टाकू' मथुराबाईंनी आधी एकदा ऐकलं होतं, आपल्याच घरात. त्यांची मैना दहावीला शाळेत पहिली आली, कॉलेजात जाते म्हणाली. नवरा म्हणाला, शहरात पोरगी ठेवायची कुठं आणि कशाला? मथुराबाई तेव्हा भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मैनाला लोणी काळभोरला दिली. ती सुखात होती, निदान तसं सांगत तरी होती. पण माहेरी आली की आईशी कामापुरतं बोलायची, आणि त्या अबोल्याला मथुराबाई जितक्या भीत, तितक्या नवऱ्याच्या आवाजालाही कधी भ्यायल्या नव्हत्या.

नवऱ्यामागे रस्त्याकडची जमीन बिल्डरला गेली. भाऊबंदांनी गाड्या घेतल्या, दारात गच्च्यांचे बंगले उठवले. चौऱ्याण्णव साली मथुराबाईंनी मात्र आपल्या वाट्यातला मोठा भाग विद्यापीठाला नेऊन दिला. मुद्दल तसंच ठेवायचं आणि व्याजावर दर साल एका मुलीची फी अन् खोली भागवायची. बियाण्याला हात न लावता पीक खायचं, हे त्यांना लगेच पटलं. ठेवीला नाव दिलं मैनाचं. वाटलं, लेक खूश होईल. लेक म्हणाली, "तेव्हा कॉलेजात घातलं असतंस, तर आज नाव घालायची वेळ आली नसती."

अट मात्र मथुराबाईंनी स्वतः घातली. मुलगी खराडी गावचीच पाहिजे आणि तिच्याजवळ ग्रामपंचायतीचा दाखला पाहिजे. त्या वेळचे अधिकारी म्हणाले होते, आजी, अट जरा सैल ठेवा. पण ऐकतील तर त्या मथुराबाई कसल्या! आमच्या शिवाराचा पैसा आमच्याच पोरीला, असं त्यांनी ठणकावलं. खोटं कशाला सांगा, गावानं बघावं, चार जणांत नाव निघावं, हाही हेतू होताच.

तीन वर्षांनी गाव महापालिकेत गेलं. पंचायतीला कुलूप लागलं. जुन्या दाखल्यांवर एक-दोन वर्षं निभावलं, नंतर सलग दोन वर्षं एकही मुलगी पात्र ठरली नाही. तिसरं वर्षही रिकामं गेलं, तर ठेव विद्यापीठाच्या सामान्य निधीत मिसळणार आणि मैनाचं नाव जाणार, असं करारातच होतं. हे त्यांना गेल्या आठवड्यात शकूकडून कळलं.

त्यावर त्यांनी एक तोड काढली. माजी सरपंच आप्पासाहेबांची सरपंचकी गेली होती, सरपंचपणा गेला नव्हता. पंचायतीचा गोल शिक्का अजून त्यांच्या ट्रंकेत होता. त्यांनी तो काढला, पुसला, शाई लावली आणि कोऱ्या कागदावर 'दाखला देण्यात येतो की' असं लिहून झोकात सही ठोकली. खाली तारीख घातली त्या दिवसाचीच. दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. गावात ज्याच्याकडे शिक्का, तीच पंचायत. शकू तेवढी कुजबुजली होती, "आजी, हे चालेल ना? काही इश्यू नको व्हायला." मथुराबाईंनी तिलाच गप्प बसवलं होतं.

विभागातले कारकून गोपाळकृष्ण चहा पिऊन आले आणि खिडकीत बसले. शिष्यवृत्तीचे अर्ज तेच पाहत. शकूचा अर्ज त्यांनी चाळला, दाखल्यापाशी थांबले आणि चष्मा कपाळावर चढवला.

"गाव सत्त्याण्णवला शहरात आलं. आज चालू आहे दोन हजार एक. दाखला चार दिवसांपूर्वीचा." त्यांनी कागद उजेडात धरला. "बंद पडलेल्या पंचायतीत रात्रपाळी चालते का?"

शकूचा चेहरा पांढरा पडला.

"खोटा दाखला जोडला की अर्ज रद्द. शिवाय पुढे कुठलीच शिष्यवृत्ती नाही. नियम आहे, माझी हौस नाही."

मथुराबाई खिडकीपाशी सरकल्या. करायला गेले काय, आणि झालं काय! मैनाच्या वेळी तोंड उघडलं नाही म्हणून पोरगी बुडाली, आणि आज न विचारता हात घातला म्हणून ही बुडणार. त्या खिडकीच्या गजांना धरून उभ्या राहिल्या.

"सायेब, दाखला पोरीनं न्हाई आणला. मी आणला. ती नको म्हनत हुती."

"आपण कोण?"

"ठेव माझीच हाय. मैनाची आई मी."

गोपाळकृष्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग उठून कपाटातली जुनी फाईल काढली आणि करारावरची सही पाहिली. अर्जाची टाचणी काढून दाखला त्यांनी खिडकीबाहेर सरकवला.

"अर्जाची अजून नोंद केलेली नाही. हा कागद घरी न्या आणि शिक्का विहिरीत टाका. पण अट आहे तिथेच आहे. ती फक्त देणगीदाराला बदलता येते. आपण लिहून दिलंत, तर वरचे साहेब आज सही करतील. पंचवीस मिनिटं आहेत."

"मला लिवता येत न्हाई हो एवढं."

"मी लिहितो. सांगा. अट रद्द करण्याचं कारण?"

सोपा प्रश्न होता. पण खराडी अजून गावच आहे म्हणून मथुराबाई चार वर्षं सगळ्यांशी भांडल्या होत्या. पालिकेची पाटी लागली तेव्हा, कर वाढला तेव्हा, पत्रावर कुणी नुसतं 'पुणे' घातलं तेव्हासुद्धा. शकूने घड्याळाकडे पाहिलं.

"लिवा," मथुराबाई म्हणाल्या. "गाव राहिलं न्हाई."

पेन चालू लागलं. "आणि ठेव यापुढे कुणाला द्यायची?"

"जिचं घरात उरकायचं चाललंय, तिला."

"तसं लिहिता येणार नाही. 'गरजू विद्यार्थिनी' लिहितो."

"तुमाला कळलं ना? मग झालं."

"देणगीदाराचं नाव आहे. राहणार कुठल्या?"

लग्न होऊन आल्यापासून मथुराबाईंना हा प्रश्न कुणी विचारला की उत्तर आपोआप यायचं. मुक्काम पोस्ट खराडी, तालुका हवेली. आताही ते ओठांपर्यंत आलं. त्यांनी शकूकडे पाहिलं. पोरीने दोन्ही हातांनी ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी केली होती.

"खराडी," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "पुणे शहर."

गोपाळकृष्णांनी लिहिलं आणि कागद पुढे केला. मथुराबाईंनी एकेक अक्षर दाबून सही केली. ही सही त्यांना मैनाने शिकवली होती, ती चौथीत असताना, चुलीपुढे कोळशाने. गोपाळकृष्ण कागद घेऊन जिना चढले. मथुराबाईंनी चार वेळा वेळ विचारली, पाचव्यांदा धीर झाला नाही. पाचला तीन मिनिटं कमी असताना ते उतरले, यादी ओढली आणि तिच्यात शकूचं नाव लिहिलं.

शकू तिथेच रडायला लागली. मथुराबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हातात तो दाखला अजून तसाच होता, आप्पासाहेबांच्या झोकदार सहीचा. त्यांनी त्याची बारीक घडी करून कनवटीला खोवली. शिक्का विहिरीत टाका, हे आप्पासाहेबांना कसं सांगायचं, ते मथुराबाईंना अजून सुचत नव्हतं.