बिराजदारांचे रिन्युअल

बाहुले ड्रिल टॉवरच्या तिसऱ्या मजल्याच्या कठड्याबाहेर लोंबत होते आणि त्याच्या गाठीवर लॉक दिलेला नव्हता. हे मला खालून दिसले. म्हणजे वर, प्रशिक्षणार्थीच्या शेजारी उभ्या असलेल्या बिराजदारांना ते माझ्याआधी दिसले असणार.

"ए, निल्लो!" बिराजदार ओरडले. एरवी ते मराठीतूनच 'थांब' म्हणत. घाई झाली की अक्कलकोटची कानडी तोंडात येई. पुढच्याच क्षणी त्यांनी प्रशिक्षणार्थीच्या हातातला दोर ओढून घेतला, बाहुले आत खेचले आणि स्वतःच्या हातांनी गाठ नीट केली.

त्यांचे प्रमाणपत्र तेव्हाच गेले होते. मैदानावर ते फक्त मला समजले होते.

थोडे समजावून सांगतो. इमारतीत अडकलेल्या माणसाला दोराने खाली सोडताना 'चेअर नॉट' बांधतात. दोराचे दोन फास असतात; एक काखेखालून, दुसरा गुडघ्यांमागून. माणूस जणू खुर्चीत बसून खाली येतो. प्रत्येक फासावर दोराचा एक जादा वेढा द्यावा लागतो. तो लॉक. तो विसरला की फास सरकतो. सरावात माणसाऐवजी वाळू भरलेले कापडी बाहुले वापरतात.

प्रशिक्षण अधिकाऱ्याला आपले प्रमाणपत्र तीन वर्षांनी नव्याने घ्यावे लागते. त्यासाठी दोन मूल्यमापकांसमोर एक प्रत्यक्ष पाठ घ्यायचा असतो. मी प्रशिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाने मला मूल्यमापक नेमले होते. बिराजदार माझेच विद्यार्थी आहेत, हे मी आधीच लेखी कळवले होते. सोलापूरला या महिन्यात दुसरे कोणी येऊ शकत नाही, असे उत्तर आले.

टॉवेल आणि चादरींच्या काही कारखानदारांनी मिळून चालवलेले ते लहान अग्निशमन केंद्र. तिथे प्रमाणित प्रशिक्षक एकच, बिराजदार. नुकतेच भरती झालेले बावीस जवान त्यांच्या वर्गाची वाट पाहत होते. बिराजदारांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. तेवढ्यात वर्ग पूर्ण झाला असता.

मूल्यमापनाच्या फॉर्मवर अकरावा प्रश्न असा आहे: 'प्रशिक्षकाने प्रशिक्षणार्थीच्या हातातील साहित्य स्वतःच्या हाती घेतले काय?' उत्तर 'होय' असेल तर बाकीचे गुण कितीही असोत, निकाल असमाधानकारक. नियम वाईट नाही. जो शिक्षक चूक स्वतःच दुरुस्त करतो, त्याचा विद्यार्थी ती दुरुस्त करायला शिकत नाही. शब्दाने थांबवावे, चूक त्यालाच शोधू द्यावी. अपवाद एकच: जीवितास धोका. बाहुल्याला जीव नसतो.

बिराजदार जिना उतरून आले. कपाळाचा घाम पुसत हसले. मागोमाग तो जवान आला. टेंभुर्णीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, अंगाने दणकट.

"सर, पोरगं तयार होतंय," बिराजदार म्हणाले. "एवढी एक गाठ राहिली की झालं."

"बिराजदार, दोर तुम्ही हातात घेतलात," मी म्हणालो.

त्यांचे हसू मावळायला थोडा वेळ लागला. "घेतला. सर, लॉक नव्हता की."

"बाहुले होते."

"तुम्हीच शिकवलंय ना, सर? याच टॉवरवर. दोराला बाहुलं बांधलंय असं कधी समजू नका, माणूसच आहे समजा. मला आता तिथं माणूसच दिसतो. सवय झाली. मोडा म्हटलं तर कशी मोडायची?"

ते वाक्य माझेच होते. प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी मी ते सांगत असे, आणि सांगताना मला फार चांगले वाटत असे.

दुसऱ्या मूल्यमापक साठे मॅडम पुण्याहून आल्या होत्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. ऑफिसमध्ये टॅबवर फॉर्म उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"सर, त्या वेळी मी खाली मान घालून वेळ नोंदवत होते. मी काही पाहिलेलं नाही. तुम्ही सांगाल ते भरते."

त्यांच्या मनात काय होते ते मला समजले. 'नाही' लिहायची वाट त्यांनी मला मोकळी करून दिली होती.

"मी पाहिले आहे," मी म्हणालो.

"सर, बावीस मुलं आहेत."

"मला ठाऊक आहे."

"मग?"

"मग 'होय' लिहा. आणि शेऱ्यात लिहा की प्रशिक्षक अत्यंत सक्षम असून कृती केवळ सावधगिरीपोटी घडली. वर्ग पूर्ण होईपर्यंत मुदतवाढ द्यावी."

त्यांनी स्क्रीन वर-खाली केली. "शेऱ्याला जागा नाही, सर. होय किंवा नाही, एवढंच आहे."

"तरी 'होय'."

त्यांनी सबमिट दाबले. निकाल तिथल्या तिथे आला. पुनर्मूल्यमापन सहा महिन्यांनंतर.

बाहेर तो जवान पायरीवर बसला होता. मला पाहून उभा राहिला. "गुरुजी, गाठ मी चुकलो आन् नापास सायेब? ह्यो कुटला न्याय हाय? माजं नाव लिवा की."

"तसा रकाना नाही, बाळ," मी म्हणालो. यापेक्षा दुबळे उत्तर मी कोणाला दिल्याचे आठवत नाही.

शुक्रवार पेठेतल्या घरी आल्यावर मी मंडळाला सविस्तर पत्र लिहिले. पंधरा दिवसांनी दुसरे. मग तिसरे. तिसऱ्याचे उत्तर आले: मूल्यमापकाने नोंदवलेला निकाल मूल्यमापकाच्या विनंतीवरून बदलता येत नाही. यातही चूक काढता येत नाही. मी त्यांच्या जागी असतो तर हेच लिहिले असते.

बिराजदारांना स्टोअरमध्ये बसवले. पाण्याचे होज पाइप मोजणे, रजिस्टर भरणे. मी एकदा भेटायला गेलो. त्यांनी चहा मागवला, तब्येत विचारली, पाया पडले. रिन्युअलचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मला काढवला नाही. चार महिन्यांनी ते निवृत्त होऊन गावी गेले.

जवानांचा वर्ग झालाच नाही. बाहेरचा प्रशिक्षक मिळेपर्यंत थांबावे, असे ठरले होते. पण मनुष्यबळ कमी होते, म्हणून त्यांना ड्युटीवर लावले. केंद्राच्या सचिवांना मी फोन केला.

"गुरुजी, काळजी करू नका," ते म्हणाले. "सगळ्यांना मोबाईलवर व्हिडिओ पाठवलेत. पाहिल्याची सही घेतली आहे."

"दोर हातात दिला का?"

"प्रमाणित माणसाशिवाय दोर द्यायचा नाही, असा नियम आहे ना? तुम्हालाच तर ठाऊक."

मला ठाऊक होते. माझे स्वतःचे प्रमाणपत्रही निवृत्तीबरोबर संपले होते.

आज त्या कारखान्यांच्या भागातून सायरन गेला की मी हातातले काम थांबवतो. जपाची माळ हाती असेल तर मणी तिथेच राहतो. गाडीवर त्या बावीसांपैकी चार-पाच जण असतात. तिसऱ्या मजल्यावर कोणी अडकले असेल, तर दोर त्यांनाच बांधावा लागेल. अजून तशी वेळ आलेली नाही. यात माझे काही श्रेय नाही.

नव्या मूल्यमापकांना सांगण्यासारखे माझ्याकडे एवढेच आहे: जे पाहिले तेच लिहावे. मी तसेच लिहिले आणि पुन्हा वेळ आली तर तसेच लिहीन. खरे लिहिल्याने मन शांत होते, असे मी आयुष्यभर ऐकत आणि सांगत आलो. ते मात्र सांगू नये. माझ्या बाबतीत तसे घडलेले नाही.