मोजलेलं झाड

रामाकोन्याजवळ माझ्या मामेभावाची संत्र्याची बाग आहे. डिसेंबरात तिचं पाणी बंद होतं. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, असा ताण देतात: पानं मलूल होईपर्यंत झाड तहानलेलं ठेवायचं आणि मग एका दिवशी पाणी सोडायचं. वेळ साधली तर फुलं येतात. घाई झाली तर नुसती पालवी फुटते. उशीर झाला तर फांद्या वाळतात. आदल्या वर्षी भावाची घाई झाली होती. बाग हिरवीगार दिसली, फळ धरलं नाही. तेव्हापासून त्याचा स्वतःच्या नजरेवर विश्वास उरला नव्हता.

त्या जानेवारीत एक संशोधक बाई टेम्पोत यंत्र घेऊन आल्या. दवाखान्यात माणसाचा एमआरआय काढतात, त्याच तत्त्वावर चालणारं, पण झाडापाशी नेता येईल एवढं लहान. जबड्यासारखा चुंबक जिवंत फांदीभोवती बसवायचा, वरून तांब्याची जाळी गुंडाळायची. फांदी न कापता आतलं पाणी पडद्यावर दिसे, ते किती वेगाने चढतंय हेही कळे. विळे, किल्ल्या, मोबाइल लांब ठेवावे लागत. पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून वायर जिथवर पोचली, तिथलं झाड निवडलं गेलं. हे झाड बाकीच्यांसारखंच आहे ना, असं बाईंनी विचारून घेतलं. सगळी एकाच दिवशी ताणावर सोडली, असं भावाने सांगितलं. ते खरं होतं.

मामीच्या गुडघ्याचा एमआरआय नागपूरला काढला होता. यंत्राकडे बराच वेळ पाहून ती म्हणाली, "मले दोन बस बदलून नेलं होतं. झाडाची मजा आहे, त्याच्या घरी मशीन आली."

मी सुट्टी घेऊन बागेत राहायला गेलो होतो. वर्तमानपत्रातल्या नोकरीची सवय म्हणून वहीत नोंदी करत होतो: कोण आलं, किती वाजता, काय बोललं.

दुपारी फांदीतलं पाणी सर्वांत जोरात चढतं. त्या वेळी भाऊ रोज बाईंच्या मागे येऊन उभा राही. पडद्यावर काळ्या वर्तुळात एक उजळ कडं दिसे. उजळ म्हणजे पाणी. पाणी चालू आहे का, एवढंच तो विचारी. चालू आहे, असं उत्तर मिळे. तो परत जाई आणि आणखी एक दिवस थांबे.

आठवड्याभरात टोकाकडच्या, मुरमाड जमिनीतल्या झाडांनी पानं मिटायला सुरुवात केली. बागेत वर्षानुवर्षं कामाला येणारे एक काका मूठभर पानं घेऊन आले. ती त्यांनी भावापुढे चुरून दाखवली.

"भाऊ, हे पान वाकत नाही, मोडून राहिलं."

"मशीन आतून पाहून राहिली, काका. आपण बाहेरून पाहतो."

"मग तिले टोकाले न्या ना. इथं बसून तिले टोकाचं कसं दिसंल?"

वायर पुरत नाही, असं भावाने सांगितलं. बाईंनी हे ऐकलं होतं. संध्याकाळी त्या त्याला म्हणाल्या, "या फांदीत पाणी चढतंय, एवढंच मी सांगू शकते. बागेला पाणी कधी सोडायचं, हे मी सांगत नाही." त्यातलं पहिलं वाक्य त्याने धरून ठेवलं. त्या रात्री तो जेवला नाही.

पुढच्या तीन दिवसांत टोकाकडची पानं गळू लागली. पडद्यावरचं कडं तसंच उजळ राहिलं. किंबहुना पहिल्या दिवसापेक्षा पाणी जरा जोरात चढत होतं. याचं कारण बाईंना सापडेना. त्यांनी यंत्र दोनदा तपासलं. दोन्ही वेळा ते बरोबर निघालं.

अकराव्या दिवशी सौंसरहून चारपाच शेतकरी मशीन पाहायला आले. मामीने नेहमीप्रमाणे ड्रममधून तांब्या भरून प्रत्येकाच्या हाती दिला. धुरळ्यातून आलेल्या माणसांनी हातपाय धुतले, चुळा भरल्या, उरलेलं पाणी तिथेच ओतलं. पाण्याची धार मोटारीच्या खोलीसमोरून गेली आणि त्या झाडाच्या आळ्यात उतरली. मी वही काढली. रामाकोना, सौंसर, पांढुर्णा, सावरगाव: मशीन पाहायला रोज माणसं येत होती आणि मामीने एकालाही तांब्याशिवाय बसू दिलं नव्हतं. पाहुण्यांच्या यादीत पहिली नोंद माझीच होती.

मी वही भावाच्या हातात दिली आणि आळं दाखवलं. धार पोचली नव्हती तिथे वरची माती कोरडी होती. त्याने बोटं खुपसली तेव्हा ती चिखलाने भरून वर आली. बाईंनी चुंबक सोडवायला घेतला.

मामी तांब्या धरून उभी होती. "आलेल्या माणसाले पाणी नाही द्याचं का मग?" तिने विचारलं.

शेजारच्या वावरातून वायरचं भेंडोळं मागून आणलं. यंत्र टोकाकडे न्यायला चार माणसं लागली. दुपार टळत आली होती, ऊन मात्र होतं. फांदी जाळीत गुंडाळून बाईंनी मोजणी सुरू केली. बराच वेळ गेला. पडद्यावर वर्तुळ उमटलं. त्यात उजळ असं जवळपास काही नव्हतं. बाईंनी पुन्हा मोजलं. दुसऱ्या खेपेचा निकाल येण्याआधीच भाऊ मोटारीकडे चालू लागला होता. काका त्याच्या पुढे पळत होते.

पाणी टोकापासून सोडलं.

फेब्रुवारीत मी पुन्हा गेलो. बागेचा मोठा भाग फुलला होता, वास रस्त्यापर्यंत येत होता. मुरमाड बाजूच्या दोन ओळी सावरल्या नव्हत्या. काका त्यांच्या वाळक्या फांद्या छाटत होते, भाऊ त्या ओढून बांधावर टाकत होता. मोटारीच्या खोलीसमोरचं झाड सगळ्यांत हिरवं होतं. त्याला एकही फूल नव्हतं.

मामीने मला तांब्या दिला आणि हात धुवायला बांधापलीकडे पाठवलं.