सातव्या टिकटिकीला वाजलेला डबा

जव्हार संस्थानच्या शाळेत मी दोन वर्षं विकेटकीपर होतो. वडील दरबारच्या कचेरीत कारकून, त्यामुळे मैदानावरही मला थोडा मान असायचा आणि तो मला आवडायचा. कीपरच्या हातमोज्यांचा शाळेत एकच जोड होता. तो मी घरी नेऊन खोबरेल तेल लावत असे.

त्या वर्षी दिवाळीनंतर नाशिकच्या एका शाळेचा संघ आमच्याकडे खेळायला येणार होता. ड्रिलमास्तरांनी सांगितलं, निवड नव्याने होईल. त्याच सुमारास जवळच्या जामसर गावचा एक मुलगा आमच्या वर्गात आला होता. घरी भात आणि नागलीची शेती. लहानपणापासून पिकावरची पाखरं दगड मारून उडवायचं काम त्याच्याकडे. पहिल्याच दिवशी त्याने कुंपणापासून फेकलेला चेंडू माझ्या मोज्यांत असा आदळला की मी एक पाऊल मागे गेलो. मुलं मला हसली असती तरी चाललं असतं. पण माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही, सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

त्यानंतर मला त्याचं काहीच बरं वाटेना. त्याचं अनवाणी धावणं, चेंडू उचलायची त्याची घाई नसलेली रीत, मास्तरांनी त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात, सगळं खुपू लागलं.

ज्याची फेक सगळ्यांत वेगवान त्याला कीपरचे मोजे, असं मास्तरांनी ठरवलं, आणि वेग मोजायला एक युक्ती काढली. चाळीस पावलांवर आंब्याच्या फांदीला घासलेटचा रिकामा डबा टांगला. चेंडू हातातून सुटला की मोजायला सुरुवात करायची, आणि डबा वाजेपर्यंत खिशातल्या घड्याळाच्या टिकटिकी किती होतात ते सांगायचं. मास्तर पूर्वी पलटणीत होते, तोफांमुळे त्यांना कमी ऐकू यायचं. म्हणून घड्याळ कानाला लावायचं काम मुलांकडे. मास्तर स्वतः डब्यापाशी उभे राहून नेम बघत.

माझी सगळ्यांत चांगली फेक आठची झाली. मग जामसरच्या मुलाची पाळी आली, आणि घड्याळ माझ्या हातात आलं.

त्याने फेकलं. सातव्या टिकटिकीला डबा वाजला.

"किती?" मास्तरांनी लांबून विचारलं.

"नऊ," मी ओरडून सांगितलं.

दुसरी फेकही सातच. मी पुन्हा नऊ सांगितलं. तिसरीला दहा सांगितलं आणि घड्याळ पटकन शेजारच्याकडे दिलं. तो मुलगा माझ्याकडे बघत होता.

हातमोजे माझ्याकडेच राहिले. आता तरी जळफळाट थांबेल, असं मला वाटलं होतं. थांबला नाही. संघात नसूनही तो रोज संध्याकाळी मैदानावर यायचा, आणि धाकटी पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची. तो त्यांना मनगट कसं फिरवायचं ते दाखवायचा. मोजे घालून मी एकटाच उभा असायचो.

चार दिवसांनी मी त्याला बाजूला नेलं. "त्या दिवशी तुझे सात होते," मी म्हणालो. "तिन्ही वेळा."

"मना घड्याळातलं कळत नाय," तो म्हणाला. "मना वाटला, माझाच हात ढिला पडला. म्हणून तं रोज येऊन फेकतो."

हे ऐकून मला लाज वाटली हे खरं. पण त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असंही वाटलं. इथेही तोच वरचढ ठरला होता.

मी मास्तरांकडे जाऊन सगळं सांगितलं.

"मोजे त्याला नेऊन दे," ते म्हणाले. "आणि सामन्याला तू दोरीबाहेर बसायचंस."

"बदली म्हणूनसुद्धा नाही?"

"नाही."

मोजे मीच त्याच्या हातात दिले. त्याला ते घट्ट होत होते, आणि ते पाहून मला आनंद झाला.

सामन्याच्या दिवशी मी दोरीबाहेर चिंचेखाली बसलो. त्याने पहिल्या तासात दोन झेल सोडले. प्रत्येक झेल सुटला तेव्हा मी खाली मान घालून हसलो. कुणी पाहू नये एवढीच काळजी घेतली. मग नाशिकच्या एका फलंदाजाने चेंडू लांब मारला. जामसरचा मुलगा स्टंप सोडून स्वतः त्याच्यामागे पळाला, उजवा मोजा पळतापळताच काढून टाकला आणि वळून फेकलं. पलीकडचा मधला स्टंप उखडला. फलंदाज अजून दोन हात दूर होता. लोक ओरडले. मी ओरडलो नाही, पण उभा राहिलो होतो हे मला नंतर कळलं.

सामना आम्ही हरलोच. पण नाशिकच्या मास्तरांनी जाण्यापूर्वी त्याची चौकशी केली, आणि पुढच्या वर्षी त्याला तिकडच्या शाळेत घेतलं, राहण्याजेवणाच्या सोयीसकट. तो बैलगाडीत बसून निघाला तेव्हा सगळा वर्ग निरोप द्यायला गेला होता. मी गेलो नाही. डोकं दुखतंय असं आईला सांगून घरीच पडून राहिलो.

त्या वर्षी मला पुन्हा विकेटकीपर केलं. माझ्याशी स्पर्धा करायला कुणीच उरलं नव्हतं.