न शिवलेला होल्डर

विज्ञानापुढे सगळी माणसं सारखी, असं संशोधन संस्थेतले आमचे सर प्रत्येक भाषणात सांगत. जालन्याच्या त्या कारखान्यात हे वाक्य आलं नाही. त्या दिवशी भाषण नव्हतं.

सत्तरच्या दशकातली खंडेनवमी. कानशी, पाने, हातोडे धुऊन पाटावर मांडलेले. मधोमध माझा होल्डर. मी पाटाच्या कडेला फूल ठेवायला वाकलो, तर मालकांनी हात आडवा घातला. मंठ्याकडचे जमीनदार, आमच्याच गावचे. कारखाना नवा, नजर जुनी.

"तू आपल्या सटवाचा ना? लई शिकला की रे! पण आज हत्यारं पूजेला मांडल्यात. शिवू नको. भाईर थांब."

माझे हात आपोआप पाठीमागे गेले. यांच्याच खळ्यावर बापाचे हात असेच मागे जाताना मी पाहिले होते. आम्ही बौद्ध झालो, मी पदव्या घेतल्या. हातांना कोणी कळवलं नव्हतं.

सर बाजूलाच होते. म्हणाले, "आजच्या दिवस सांभाळून घे. काम अडायला नको."

काम म्हणजे हा होल्डर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात वस्तू ठेवतात ती निपचित. आम्हाला सौर घट चालू असताना पाहायचा होता. वरून उजेड पडतोय, वीज वाहतेय, आणि ती नेमकी कुठे अडते? त्यासाठी उजेडाला खिडकी आणि विजेला दोन तारा असलेला होल्डर मी आखला, इथल्याच लेथवर केला. यंत्रातली सगळी हवा पंपाने ओढावी लागते. बोटाचा तेलकट ठसाही आत वाफ सोडत राहतो. म्हणून शेवटचा धुतला तेव्हापासून मी त्याला हातमोज्यांनीच धरत होतो. माझा हात त्याला लागलेलाच नव्हता. हे मालकांना सांगायचं राहिलं.

दारातून पाहिलं. हळद. ओलं कुंकू. नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा बरोब्बर खिडकीवर. मालक मनोभावे वाकले. सरही.

मी ओरडू शकलो असतो. ओरडलो नाही.

पूजा उरकल्यावर सरांनी हाक मारली. "चल, पुसून घे आता. उद्या संस्थेत पाहुण्यांपुढे यंत्रात बसवायचाय."

"तुम्हीच पुसा, सर. मी शिवणार न्हाई."

"रागावलास?"

"न्हाई. आजच्या दिवस सांभाळून राह्यलो."

मालक हसले. "सटवा असं कधी बोलला नव्हता."

"बराबर. त्याचं राहिलेलं बोलून राह्यलो."

हात पुढे घेतले आणि निघालो. संस्थेत परत गेलो तो राजीनामा द्यायलाच.

दुसरा होल्डर दुसऱ्या गावी केला. माझ्या प्रयोगशाळेत उघड्या हाताने कोणीच काही शिवायचं नाही. सर आले तरी हातमोजे, मालक आले तरी हातमोजे. सणाला सूट नाही. झोपेत माझे हात अजून मागे जातात. जाग आली की पुढे आणतो. मरेपर्यंत आणणार.

पहिला होल्डर सरांनी रुमालाने पुसून पाहुण्यांसमोर बसवला. पंप चालत राहिला. आत पोकळी काही होईना. खोबऱ्यात तेल असतं.