कोटात भरलेला कापूस

आमच्या घरात जावयाला कुणी जावई म्हणत नसे. माझ्या नणंदेचा नवरा कपडे शिवतो, म्हणून तो सगळ्यांचा मास्तर. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह मात्र कधी कुणाच्या राशीला आला नाही. नाताळच्या जेवणाला मास्तर टेबलाच्या शेवटच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी स्टुलावर बसायचे आणि आग्रह केल्याशिवाय दुसऱ्यांदा भात घ्यायचे नाहीत. मी थोरली सून. माझीही पहिली वर्षं त्याच टोकाला गेली, पण मला जीभ आहे. मी सरकत सरकत मधे आले. मास्तर तिथेच राहिले.

हे लग्न सासऱ्यांना पसंत नव्हतं. मुलगा वेगळ्या घरातला, वेगळ्या देवाचा, त्यात शिलाई मशीनवर पोट भरणारा. सासरे, म्हणजे आमचे बाबा, शाळेचे हेडमास्तर होते. एका घरात दोन मास्तर कसे मावणार, असं मी म्हणायचे. पहिल्या नाताळला मास्तरांनी बाबांसाठी काळा कोट शिवून आणला, टेप न लावता, नुसत्या नजरेच्या मापाने. तो असा बसला की नाव ठेवायला जागाच उरली नाही. "बरा आहे," एवढंच बाबा म्हणाले. पण त्यानंतर कुठल्याच नाताळला त्यांनी दुसरा कोट घातला नाही. डिसेंबर लागला की कोट दुकानात जायचा. कधी अर्धा इंच सैल करायला, कधी नवं अस्तर लावायला. नणंद दुकानात नवऱ्याशेजारी बसून तुरपाई आणि काजं करते. कोट तीच न्यायची आणि तीच आणायची.

गेल्या वर्षी बाबा स्वतः गेले. भर दुपारी, नणंद घरी जेवायला गेलेली बघून. मास्तरांनी छातीला टेप लावला, मग पुन्हा लावला. बेचाळीसची छाती छत्तीसवर आली होती. बाबा आमच्याकडेच राहत. एकावर एक तीन स्वेटर घालून वावरत होते आणि आम्ही म्हणत होतो, म्हाताऱ्या माणसाला थंडी जास्त वाजते. भूक नाही म्हणाले की मी ताट झाकून ठेवायचे. रोज वाढणारी मी, पण माझ्याही डोळ्यांवर झापडं होती.

"डॉक्टरांना दाखवलंत?" मास्तरांनी विचारलं.

"दाखवलं. फार तर तीन महिने म्हणाले. घरी कुणाला माहीत नाही. नाताळ होऊन जाऊ दे, पोरं लांबून येतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसवून मीच सांगेन. तोवर या कोटात मी पूर्वीसारखा दिसेन असं काहीतरी करा."

"हिला तरी सांगायला हवं."

बाबांनी त्यांचा हात धरला. "जावईबापू, एवढं ऐका माझं."

वीस वर्षांत पहिल्यांदा. हे मास्तरांनीच मला नंतर सांगितलं, आणि खरं सांगते, मला बाबांचा राग आला. कुठल्या पोराला काय म्हटलं की ते ऐकतं, हे हेडमास्तरांना बरोबर ठाऊक असतं. मास्तर त्या एका शब्दावर विकले गेले.

पुढचे दहा दिवस ते नणंदेच्या आधी दुकान उघडायचे. कोटाचं अस्तर उसवून त्यांनी आत कापसाचे थर बसवले. छातीला जाड, पोटाला त्याहून जाड, खांद्यांना नव्या गाद्या. नणंदेने विचारलं तर म्हणाले, "कोट मीच नेऊन देतो." मुळात कमी बोलणारा माणूस आणखी कमी बोलू लागला, तर बायकोला कळणार कसं?

नाताळला चर्चमधून आल्यावर बाबा कोट घालून टेबलाशी बसले. भरदार, ताठ. "बाबा, यंदा सुटलात हं! केक जरा बेताने," मीच म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळे हसले, बाबाही हसले. मग त्यांनी मास्तरांना हाक मारून आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. नणंदेचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ती याच एका गोष्टीची वाट बघत होती. बाबांना घास गिळवत नव्हता आणि त्यांच्या ताटातलं मास्तर गुपचूप संपवत होते, हे आम्हाला काय माहीत? आम्हाला वाटलं, मास्तर आज पहिल्यांदा पोटभर जेवतायत. निघताना नणंदेने बाबांना घट्ट मिठी मारली आणि हसत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी बाबा सगळ्यांना बसवून सांगणार होते. सकाळी ते उठलेच नाहीत.

पुरताना तोच कोट घालायचं ठरलं. नणंद आणि मी तयारी करायला बसलो. एकेक करून तिन्ही स्वेटर काढले. सगळी हाडंच राहिली होती. नणंदेने कोट उचलला. तो तिला जड लागला. तिने अस्तराची कड बोटांनी चाचपली. टाके कुणाचे, हे तिला विचारावं लागत नाही. मास्तर दारात उभे होते.

"किती दिवसांपासून ठाऊक होतं?" तिने विचारलं.

"पंधरा."

"पंधरा दिवस मी तुमच्या शेजारी बसून परक्यांच्या पँटी तुरपत होते. बाबांजवळ बसले असते ना मी."

"त्यांनी शब्द घेतला होता. जावईबापू म्हणाले मला."

"अगं, बाबांचीच इच्छा होती," मी म्हणाले.

"वहिनी, तुम्ही गप्प बसा." इतक्या वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती. मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "हे सगळं काढा."

मास्तर पलंगाशी खाली बसले आणि आपलेच टाके ब्लेडने उसवू लागले. फरशीवर कापसाचा ढीग झाला. नणंद त्या ढिगाकडे बघत राहिली.

"काल मी याला मिठी मारली," ती म्हणाली. "बाबांना नाही."

मास्तरांनी रिकामं अस्तर परत टाचून दिलं. आम्ही बाबांना कोट चढवला. तो दोन्ही बाजूंनी ढगळ लोंबत होता. नणंदेने बाबांना पाठीखाली हात घालून उचललं, छातीशी धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही.