रुपरावांचं गप्प राहणं

रुपरावकाकांनी उभं आयुष्य पोपट विकले. गांधीबागेजवळ त्यांचं लहानसं दुकान होतं. मुके पोपट ते घरी न्यायचे, मनकर्णाकाकू त्यांना बोलायला शिकवायच्या. बोलणाऱ्या पोपटाला गिऱ्हाईक लगेच मिळायचं.

आपल्याकडचा पोपट विकणं गुन्हा आहे, पाळणंही. कायदा जुना, बाजारातल्या धाडी अलीकडच्या. दुकानातले पिंजरे जप्त झाले, तेव्हा काकांनी माशांच्या काचपेट्या मांडल्या. घरात एक पोपट तेवढा राहिला. तो काकूंचा होता. मागच्या वर्षी काकू गेल्या. पोपट मात्र त्यांच्याच आवाजात काकांना हाक मारत राहिला, "अजी, चहा झाला जी!"

एका सकाळी काका तो पोपट घेऊन पक्ष्यांच्या बचाव केंद्रात आले. मी त्यांचा शेजारी, तिथे पिंजरे धुवायला जातो.

"काहून आणला, काका?"

"इकलेले तं वापस येत नाही गा. हा तरी जाऊ दे."

डॉक्टर मिनल म्हणाल्या, "माणसाशी बोलणारा पोपट सोडता येत नाही. कुणाच्याही खिडकीत जाऊन बसेल आणि पुन्हा पिंजऱ्यात पडेल. बोलणं सुटलं तर सोडू. नाहीतर जन्मभर इथेच."

काका घरी गेले आणि पोपटानं खाणं टाकलं. त्यांना बोलवावंच लागलं. अट एकच. पेरू ठेवायचा, शब्द काढायचा नाही.

पहिल्याच दिवशी पोपट ओरडला, "अजी, चहा झाला जी!"

"आलो वं," काका बोलून गेले. इतक्या वर्षांची सवय.

पोपट दांडीवर नाचला. दिवसभर तेच ओरडत राहिला. मिनलताई काकांवर चिडल्या.

दुसऱ्या दिवशी काका तोंडाला दुपट्टा घट्ट बांधून आले.

"डाकू दिसून राहिले, काका."

ते नुसते डोळ्यांनी हसले.

मग मी जे पाहिलं, ते अजून माझ्या पचनी पडलेलं नाही. पोपट हाक मारायचा. काका पेरू ठेवायचे. चहा निवू लागल्यावर काकू चिडायच्या, तसा आवाज चढायचा. काकांची पाठ ताठ व्हायची, पण ते वळायचे नाहीत. काकूंचा आवाज या जगात तेवढाच उरला होता, आणि ते तो स्वतःच्या हातानं पुसत होते.

एकदा मी बाहेर विचारलं, "ही हाक मोबाइलवर भरून ठेवू का?"

"नको गा. घरी आयकत बसीन. मंग इथं गप्प राहणं नाही होणार."

हाका विरळ झाल्या. मग थांबल्या. पोपट मोठ्या जाळीघरातल्या इतर पोपटांमध्ये बसू लागला. शेवटी मिनलताई म्हणाल्या, "काका, आता तुम्हीच बोलून पाहा."

काकांनी दुपट्टा सोडला. जाळीला हात लावला.

"आलो वं."

पोपटानं मान तिरपी केली. मग तो कर्कश किंचाळला आणि उडून पार टोकाच्या फांदीवर गेला.

काकांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

"सोडा, मॅडम."

दार उघडलं. पोपट पलीकडच्या कडुलिंबात शिरला. तिथे आधीच थवा कलकलत होता.

"आपला कोणता, काका?"

"आता कायचा आपला गा!" काका म्हणाले, आणि मान वर करून ऐकत उभे राहिले.